तुरटीचं पाणी

इराप्पा गिऱ्हाइकाला 'किती देऊ' असं कधी विचारायचे नाहीत. चरवी दोन गुडघ्यांत धरून, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून ते खालून वर बघायचे, समोरच्याचं तोंड निरखायचे आणि त्याला कुठल्या म्हशीचं दूध द्यायचं ते स्वतःच ठरवायचे. "तुझा चेहरा उतरलाय, तू आज चंद्रीचं पी." "मास्तर, तुमचं पोट बिघडल्यालं दिसतंय. आज घरला जावा, दूध न्हाय मिळायचं." एखादा नवखा उभा राहिला तर म्हणायचे, "पावणं, कट्ट्यावर पहिल्यांदाच आलासा व्हय? मग मैनेचं प्या. नंतर दुसऱ्या कुणाचं गोड लागायचं न्हाय, ते मात्र आमच्यावर ढकलू नका."

कोल्हापुरातल्या दूधकट्ट्याबद्दल बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही. संध्याकाळ झाली की गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला येतात आणि लोक पेला धरून उभे राहतात. धार थेट पेल्यात पडते. ते दूध तापवायचं नाही, गाळायचं नाही. म्हशीच्या अंगाची ऊब असते तोवर, फेस ओठावर घेत ते संपवायचं. पैलवान येतात, शाळामास्तर येतात, पोरांना खांद्यावर घेऊन बाप येतात. आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर इराप्पांच्या चार म्हशी असायच्या, आणि रांग सगळ्यांत लांब त्यांच्याकडे असायची.

मी पेठेतल्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. गारगोटीकडचा माणूस, शहरात नवा. दवाखान्यात एक पदवीधर डॉक्टर होते. त्यांना गवळी 'मोठं डाक्टर' म्हणायचे आणि मला 'बारकं डाक्टर'. हे नाव इराप्पांनीच ठेवलं. पहिल्याच दिवशी त्यांच्या गोठ्यात गेलो, सुई भरली आणि सरळ चंद्रीच्या मानेला हात घातला. तिनं मला शेणात बसवलं. इराप्पांनी हसत हसत हात देऊन उठवलं आणि म्हणाले, "बारकं डाक्टर, जनावराला आधी आपलं नाव सांगायचं, मग हात लावायचा. तुमच्या अंगाला कुणी न इचारता हात लावला तर चालंल का तुमास्नी?" मग चंद्रीच्या कानाशी जाऊन त्यांनी खरोखरच माझं नाव, गाव, कुणाचा कोण ते सगळं सांगितलं. त्यानंतर तिनं सुई घेऊ दिली. हा योगायोग असेल. पण पुढे मी शाहूवाडीच्या डोंगरात बदलून गेलो तिथेही गोठ्यात शिरताना मनातल्या मनात नाव सांगत राहिलो. अजून सांगतो.

आणखी काही लिहिण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर मी पुन्हा गोड गोड आठवणींतच फिरत बसेन. इराप्पा पिसाळ रोगानं गेले. पेठेत कुणालाही विचारा, सांगतील की इराप्पाला कुत्रं चावलं होतं, चौदा इंजेक्शनांच्या भीतीनं त्यानं ते लपवलं आणि मेला. ही गोष्ट खोटी आहे. ती मी रचली.

इराप्पांचं घराणं मूळचं सीमेकडचं, लिंगायत. घरात अर्धं कानडी चालायचं. गळ्यात लिंग, अंगात बंडी, धोतर गुडघ्यापर्यंत. उंची बेताची, पण हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी आणून जोडल्यासारखे मोठे. चाळीस वर्षं धार काढून अंगठ्यांची हाडं फुगली होती. थंडीत बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, त्यांत ते लोणी भरायचे. या हातांवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. म्हशीच्या कानाच्या मुळाशी तळवा ठेवून ताप सांगायचे. पहिल्या पहिल्यांदा मी मागून थर्मामीटर लावून पडताळा घेतला. एकदाही चुकले नाहीत. "तुझी काचेची नळी फुटती," म्हणायचे, "ह्यो हात न्हाय फुटत."

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांचे पट्टे. मालक फटफटीवरून पुढे पळतो आणि म्हैस त्याच्या हाकेमागे धावते. इराप्पा फटफटीवर बसायचे नाहीत. ते म्हशीकडे पाठ करून रस्त्याच्या मधोमध चालायला लागायचे आणि हाकही मारायचे नाहीत, फक्त खांदा जरासा उडवायचे. गर्दीतून, ढोलांमधून मैना त्यांच्या पाठीला नाक लावून चालत यायची. कुणी विचारलं की, "काय शिकवलंसा हिला?" तर म्हणायचे, "मी कुठं शिकवलं? तिनं मला शिकवलं, फुडं चालायला."

ज्या वर्षाबद्दल मी लिहितोय त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ते पंचगंगेवरून म्हशी धुऊन परत येत होते. वाटेत मटणाच्या दुकानांमागचा उकिरडा लागायचा. मेलेली जनावरंही लोक त्याच बाजूला नेऊन टाकायचे. पूर्वी तिथं गिधाडं उतरायची. इराप्पाच एकदा म्हणाले होते, "गिधाडं कुठं गेली रं? दोन-तीन वर्सं झाली, एक न्हाय दिसत. सगळं कुत्र्यास्नीच मोकळं." खरंच होतं ते. गिधाडं गेली होती आणि कुत्र्यांचे कळप वाढले होते. त्या दिवशी दवाखान्यावरून जाताना त्यांनी मैनेला दारात उभं केलं. तिच्या नाकपुडीवर ओरखडा होता.

"कुत्रं अंगावर आलतं," ते म्हणाले. "चावलं का काट्यात गेली, मला न्हाय दिसलं. बघ वाईच."

मी टिंक्चर लावलं. मोठे डॉक्टर आत होते. त्यांना दाखवायला हवं होतं. नोंदवहीत लिहायला हवं होतं. जनावरालाही अशा वेळी लस देता येते, ते मला माहीत होतं. पण एवढाच तर ओरखडा, आणि जेवणाची वेळ झाली होती. "काटाच आहे," मी म्हणालो. पाडव्याला त्या खुणेवर इराप्पांनी हळदीचं बोट ओढलं होतं. छान दिसत होती मैना.

दिवाळीनंतर पेठेत लाळ्या-खुरकुताची साथ आली. हा म्हशींचा नेहमीचा रोग. तोंडात आणि खुरांत फोड येतात, ताप येतो, लाळेच्या तारा लोंबतात. तोही विषाणूचाच रोग, पण माणसाला त्याचं भय नाही. गवळ्यांचा उपाय ठरलेला: तुरटीच्या पाण्यानं तोंड आतून धुवायचं, जीभ बोटांनी चोळायची, वर औषध लावायचं. मोठे डॉक्टर प्रशिक्षणाला पुण्याला गेले होते. मी एकटा दिवसाला सात-आठ गोठे फिरत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी जनावर बघणंच सोडलं. दारातूनच विचारायचो, "लाळ गळते?" आणि सांगायचो, "तुरटी."

इराप्पांच्या गोठ्यात मैना अगदी आत, भिंतीकडे बांधलेली होती. डोळे तांबारलेले. दाव्याला हिसके देत होती. तोंडातून लाळ. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. शेजारचे दोन गवळी माझ्यामागे उभे होते. त्यांनाही आपापल्या गोठ्यात मला न्यायचं होतं.

"लाळ्या आहे," मी म्हणालो. "तीन वेळा तोंड धुवा तुरटीनं."

"तोंडात बघत न्हाईस?" इराप्पांनी विचारलं.

"बघायचंय काय त्यात? सगळ्या पेठेत तेच चाललंय."

"डाक्टर, हिला ताप न्हाय. मी हात लावून बघितलाय. खुरं बी चांगली हायत. लाळ्या असता तर लंगडली असती की."

ते बरोबर बोलत होते, शब्दन् शब्द. आणि मी मागे उभ्या असलेल्या दोघांकडे बघून हसलो आणि म्हणालो, "आप्पा, तुमचा हात म्हणजे काय थर्मामीटर आहे?"

ते दोघे हसले. इराप्पांनी हात धोतराला पुसला. "बरं बाबा," म्हणाले. "तू शिकल्यालं हायस."

त्यांनी सांगितलेलं केलं. तीन दिवस, दिवसातून तीनदा. बायको शांतव्वा दोन्ही हातांनी मैनेचा जबडा उघडून धरायची आणि इराप्पा उजवा हात कोपरापर्यंत तोंडात घालून जीभ चोळायचे. दाढेला मनगट घासून सालटं निघालं. बोटांच्या भेगा उघड्याच होत्या, वर तुरटी. "चुरचुरतंय," म्हणायचे, "पर हिच्या तोंडाला बरं वाटत असंल." मैना पाणी पीत नव्हती म्हणून त्यांनी बांबूच्या नळकांड्यानं पाणी पाजलं. लाळ दिसल्या दिवसापासून तिचं दूध त्यांनी कट्ट्यावर नेलं नाही, ओतून दिलं. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी असतानाच मैनेचं ओरडणं ऐकलं. फुटक्या पिपाणीसारखा, घोगरा, मध्येच तुटणारा आवाज. म्हैस तशी ओरडत नाही. गोठ्यात गेलो तर ती भिंतीला डोकं लावून कुंथत होती आणि मागचे पाय तिच्या ऐकण्यात नव्हते. मी तिथंच उभा राहिलो. नाकपुडीवरची हळद आठवली, हळदीखालचा ओरखडा आठवला. खोलीवर जाऊन पुस्तक काढलं, पण त्याची गरज नव्हती. जे वाचणार होतो ते मला पाठ होतं. पहिल्या वर्षीच शिकवतात, लाळ गाळणाऱ्या, घशात अडकल्यासारखं करणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये म्हणून.

पाचव्या दिवशी पहाटे मैना मेली. दहा वाजता मोठे डॉक्टर पुण्याहून आले. त्यांनी बसायच्या आधी विचारलं, "इराप्पाची म्हैस गेली म्हणे. लाळ्यानं मोठं जनावर असं जात नाही. तोंडात फोड होते?"

"होते," मी म्हणालो.

"खुरात?"

"थोडे."

"कुत्रं वगैरे चावल्याचं काही?"

यावर मी विचार केला. भीतीनं तोंडातून निसटलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मी विचार केला होता. हो म्हणालो तर डॉक्टर मैनेचं डोकं कापून तपासायला पाठवणार. मग कट्टा बंद होणार, अख्खी पेठ घाबरून दवाखान्यावर येणार. 'कुणी बघितली होती म्हैस?' हा प्रश्न निघणार आणि मागे उभे राहून हसलेले ते दोन गवळी सांगणार की हा उंबऱ्याच्या आत आला नव्हता. एवढं सगळं माझ्या डोक्यातून गेलं आणि डॉक्टर अजून पिशवी खाली ठेवत होते.

"नाही," मी म्हणालो.

मैनेला नदीकडच्या शेतात खोल पुरलं. इराप्पांनी वरून मीठ टाकलं आणि उजव्या हातानं माती सारखी केली.

त्याच दुपारी मी मिरजेला गेलो. कोल्हापुरात कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं. सरकारी दवाखान्यात तेव्हा पोटात चौदा सुया द्यायचे, पण मोठ्या खाजगी दवाखान्यांत नवी लस मिळायची, दंडात, पाच वेळा. मी मैनेच्या तोंडाला हातही लावला नव्हता. चौथ्या दिवशी दाव्याला हात लागला होता आणि दाव्यावर लाळ असेल, एवढंच. तेवढ्यासाठी मी पाच वेळा मिरजेला जाऊन आलो.

दुसऱ्या सुईनंतर दंड सुजला होता. कट्ट्यावर गेलो तर इराप्पांनी लाडानं त्याच दंडावर थाप मारली आणि मी कळवळलो.

"काय झालं रं दंडाला?"

"टायफॉईडची लस घेतली."

"मग मला बी सांगायचं की! मी बी टोचून घेतली असती. एकटाच जगायलायस व्हय?"

सगळे हसले. मी पण हसलो. मग म्हणालो, "आप्पा, तुम्ही पण एकदा दवाखान्यात जाऊन त्या कुत्र्याच्या सुया घेऊन या. मैनेच्या तोंडात हात घातला होता ना. उगीच आपलं… असलेलं बरं."

"म्हशीनं चाटलं म्हणून पोटात चौदा सुया? शांतव्वा दारात घ्यायची न्हाय, म्हणंल आमचं मालक पिसाळलं!"

पुन्हा हशा झाला. मी विषय सोडला. तुम्ही म्हणाल, सांगितलं तर होतं. मीही तसंच म्हणत होतो. पण ज्या माणसाला पटवायचं असतं त्याला आपण बाजूला नेतो, हात धरतो, घाबरवतो. मी चार लोकांत, हसत, त्याला नाही म्हणायला सोपं जाईल अशा रीतीनं सांगितलं.

हा विषाणू रक्तातून धावत नाही. जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि मुंगीच्या चालीनं मेंदूकडे चढत राहतो. पोचेपर्यंत वेळ असतो. त्या वेळात लस दिली तर माणूस वाचतो, पोचल्यावर कुणीही वाचवू शकत नाही. इराप्पांना तसे जवळजवळ दोन महिने मिळाले होते. रोज संध्याकाळी मी कट्ट्यावर जात होतो. ते म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून खालून वर माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बारकं डाक्टर, झोप न्हाय लागत काय? गंगीचं पी." मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत दूध प्यायचो. एकेक दिवस गेला की वाटायचं, काही होत नाही, उगीच भितोय आपण. आणि जसजसे दिवस गेले तसतसं सांगणं जास्त अवघड झालं, कारण आता 'इतके दिवस का नाही सांगितलंस' हाही प्रश्न आला होता.

संक्रांत झाली. एका सकाळी ते दवाखान्यात आले आणि टेबलावर उजवा हात ठेवला. "मुंग्या यायला लागल्यात. खांद्यापातूर ठणकतंय. म्हशीचं मलम दे, माणसाच्या मलमात दम नसतोय."

मी उठून कपाटाकडे गेलो. पाठ करून उभा राहिलो, नळी शोधत असल्यासारखा. नळी समोरच होती. मग ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिथंच मलम चोळलं, वास घेतला, म्हणाले, "झ्याक हाय."

तिसऱ्या दिवशी शांतव्वा काकू धावत आल्या. "पाणी पीत न्हाईत. तांब्या बघितला की गळा आवळून घेत्यात. कुणी काय केलंय काय समजंना. वाडीला न्यावं म्हणत्यात सगळी." नृसिंहवाडीला, म्हणजे बाहेरची बाधा झाली असं त्यांना वाटत होतं. मी आत जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. सगळं नाही. इराप्पांची लक्षणं तेवढी सांगितली. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि काही न विचारता चपला घातल्या.

सरकारी दवाखान्यात त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं होतं. खिडकीला घोंगडं लावलं होतं, पंखा बंद, कारण वाऱ्याची झुळूक लागली तरी झटका यायचा. झटका गेला की माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, हे या रोगाचं सगळ्यात वाईट. मी दारात उभा राहिलो. इथेही उंबऱ्याच्या आत माझं पाऊल पडेना.

"ये की," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "मी न्हाय चावत."

मी आत गेलो. 

"मैनेला ह्येच झालतं काय रं?"

त्या दिवशी आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत मैनेबद्दल मी दिलेलं हे एकच खरं उत्तर. "व्हय, आप्पा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता विचारतील. तुला कधी कळलं, का नाही सांगितलंस, दंडाला काय टोचलं होतंस. ते म्हणाले, "मग लई हाल केलं मी तिचं. पाणी पीत न्हवती, आणि मी बळंच नळकांडं घालत हुतो. तिला कसं वाटलं असंल, आता कळतंय."

पुन्हा झटका आला. तो ओसरल्यावर ते घाईघाईनं बोलले. "शांतव्वानं जबडा धरलाय. तिला टोच. ती न्हाय म्हणंल, ऐकू नकोस. आणि कट्ट्यावर जाऊन सांग सगळ्यास्नी. लाळ दिसायच्या आधी दोन-चार दिस मैनेचं दूध लोकास्नी पाजलंय मी. खरं काय ते सांग. माझं नाव गेलं तर जाऊ दे."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

मी कट्ट्यावर गेलो. सांगायलाच गेलो होतो. मी मोघम विचारलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुधातून धोका जवळजवळ नसतो, तरी ज्यांनी असं जनावर हाताळलं त्यांनी लस घ्यावी. गवळी भोवती जमले. त्यातले ते दोघे पुढेच होते. एकानं विचारलं, "कशानं गेला इराप्पा? मैनेनं दिलं काय?" सगळे माझ्याकडे बघत होते. मैना म्हटलं की माझं नाव येणार होतं.

"कुत्रं चावलं होतं त्यांना," मी म्हणालो. "दसऱ्याला. लपवून ठेवलं त्यांनी. सुयांची भीती."

सगळे हळहळले. "येडं रं येडं," कुणीतरी म्हणालं. 'माझं नाव गेलं तर जाऊ दे' असं ते म्हणाले होते. मी ते शब्दशः घेतलं.

काकूंना सुया दिल्या. नवऱ्याची लाळ लागली असेल, असं कारण मी लिहून दिलं. चौदा दिवस, पोटात. त्या वाचल्या. वर्षाच्या आत म्हशी विकल्या गेल्या. मी शाहूवाडीकडे बदली मागून घेतली. तिथे कुत्र्यांना लस टोचायची शिबिरं मी इतक्या हट्टानं घेतली की लोक मला चेष्टेनं कुत्र्यांचा डॉक्टर म्हणायला लागले. प्रत्येक जनावराच्या खुरांना हात लावल्याशिवाय मी औषध सांगितलं नाही. त्यानं काही फिटतं असं मला वाटत नाही. नुसतंच कळवतोय.

गेल्या पावसाळ्यात तापाची नवी साथ आली, डुकरांवरून आलेली म्हणत होते. सगळी पेठ तोंडाला रुमाल बांधून फिरत होती. मी कामाला कोल्हापूरला आलो होतो, संध्याकाळी कट्ट्यावर गेलो. एक तरुण गवळी धार काढता काढता कुणालातरी दरडावत होता, "ताप आला असंल तर सांग लेका सरळ. इराप्पा करू नकोस." इराप्पा गेले तेव्हा तो शाळकरी पोर असेल. मी शेजारी विचारलं, इराप्पा करणं म्हणजे काय? "म्हणजे रोग लपवून मरायचं," मास्तर म्हणाले. हे तेच मास्तर, ज्यांना इराप्पा पोट बघून परत पाठवायचे. आता पार थकले होते. "पेठेत म्हणायची रीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शांतव्वा काकूंकडे गेलो. गोठ्याच्या जागी आता फटफटी दुरुस्तीचं दुकान आहे, मागे दोन खोल्या. त्या ज्वारी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, उंबऱ्यापासून मिरजेपर्यंत. त्यांचे हात सुपावर चालू राहिले. मिरजेशी आलो तेव्हा थांबले.

"कुठं टोचून घेतलंस?"

"दंडात."

"किती?"

"पाच."

त्यांनी लुगड्याचा पदर जरा सारखा केला, पोटावरून. "मला चौदा," म्हणाल्या. "गाठी आल्या हुत्या. पालथं झोपता येत न्हवतं. मी म्हणायची, ह्या माणसानं कुत्र्याचं माझ्यापासनं लपवलं. बारा वर्सं मी त्या माणसावर राग धरून बसलीय."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मला सांगून काय उपेग? मी कुणाला सांगू? जिथं खोटं सांगितलंस तिथं जाऊन सांग."

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर उभा राहिलो. रांग होती, चार-पाच चरव्यांमध्ये धारा वाजत होत्या. मी म्हणालो की मला इराप्पांबद्दल सांगायचंय. म्हणालो, त्यांना कुत्रं चावलं नव्हतं. त्यांनी काहीही लपवलं नाही. मैनेला पिसाळ रोग झाला होता आणि मी ती न बघता लाळ्या सांगितला, त्यांना तिच्या तोंडात हात घालायला लावला, आणि कळल्यावर स्वतः लस घेऊन गप्प बसलो. मास्तरांनी भरलेला पेला खाली ठेवला. ते म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं त्याला नावं ठेवली की रे." धार काढणारे हात एकेक करून थांबले.

मागून, रस्त्याच्या पलीकडून, शांतव्वा काकूंचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या मला कळलं नव्हतं.

"मोठ्यानं बोल," त्या म्हणाल्या. "मागं ऐकू येत न्हाय."

मी पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागलो.